ऑक्साइडच्या पातळ थरात आयनमाऱ्याने चुंबकत्व आणणे: बेळगाव सीमाभागातल्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि पलीकडच्या चंदगड-गडहिंग्लज भागातून एमएस्सी भौतिकशास्त्र करून संशोधनाकडे वळणाऱ्या मुलामुलींना या विषयाचे मोठे आकर्षण असते. थर घरच्या प्रयोगशाळेत करता येतो, आयनमारा, म्हणजे वेगवान भारित अणूंचा मारा, देशातच होतो, आणि ज्यात लोखंडाचा अंशही नाही त्या पदार्थातून चुंबकत्व निघते असे ऐकायला मिळते. त्या ओघात जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण ती बाब तशीच आहे.

ज्या ऑक्साइडमध्ये लोह, कोबाल्ट, निकेल यांपैकी काहीच नाही, त्यात चुंबकत्व येते कुठून?

शुद्ध आणि निर्दोष झिंक ऑक्साइडमध्ये सगळे इलेक्ट्रॉन जोडीने बसलेले असतात. जोडीतल्या दोघांचे स्पिन (इलेक्ट्रॉनाचा अंगचा चुंबकीय गुण) एकमेकांना रद्द करतात, म्हणून तो पदार्थ प्रतिचुंबकीय असतो: बाहेरून क्षेत्र लावले की किंचित विरोध करतो, क्षेत्र काढले की शांत. टायटॅनियम डायऑक्साइडचे जवळजवळ तसेच.

स्फटिकातला एखादा अणू जागेवरून गेला की हिशोब बिघडतो. ऑक्सिजनचा अणू निघून गेला तर त्याच्या वाटचे इलेक्ट्रॉन मागे राहतात. टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये असा मागे राहिलेला इलेक्ट्रॉन शेजारच्या टायटॅनियमकडे जातो, चार धन भाराचा टायटॅनियम तीन धन भाराचा होतो आणि त्याच्या डी-कक्षेत एकटा इलेक्ट्रॉन येऊन बसतो. एकटा इलेक्ट्रॉन म्हणजे न रद्द झालेला स्पिन, म्हणजे चुंबकीय मोमेंट, एक इवला चुंबकच. झिंक ऑक्साइडमध्ये झिंकची जागा रिकामी झाली तर भोवतालच्या ऑक्सिजनवर असे मोमेंट तयार होतात, असे बरेच सैद्धांतिक हिशोब सांगतात.

इथपर्यंत वाद फारसा नाही. सुटे मोमेंट निर्माण होणे वेगळे आणि ते सगळे एका दिशेला वळून खोलीच्या तापमानालाही तसेच राहणे वेगळे. पहिल्याला अनुचुंबकत्व म्हणतात, दुसऱ्याला लोहचुंबकत्व. दोषांची संख्या किती झाली, ते किती जवळ आले आणि मधल्या इलेक्ट्रॉनांनी त्यांना कसे बांधले, यावर दुसरी गोष्ट ठरते. नेमकी कोणती यंत्रणा चालते यावर अजून एकमत नाही. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधले मायकेल कोई या क्षेत्रातले मोठे नाव. त्यांनीच वेगवेगळ्या काळात वेगवेगळी स्पष्टीकरणे मांडली आहेत.

आयन मारल्यावर थरात नेमके काय होते?

वेगवान आयन पदार्थातून जाताना दोन प्रकारे ऊर्जा गमावतो. एक, अणुकेंद्रांना थेट धडकून. त्यात अणू जागचे उडतात. काही किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ते काहीशे किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या जड आयनांचे असे होते. दोन, वाटेतल्या इलेक्ट्रॉनांना उसळवून. आयनाची ऊर्जा दशलक्षांच्या घरात, म्हणजे मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये गेली की हा दुसरा प्रकार वरचढ ठरतो.

१०० मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा चांदीचा आयन झिंक ऑक्साइडसारख्या पदार्थात दर नॅनोमीटरला साधारण २० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा इलेक्ट्रॉनांना देतो. अणुकेंद्रांना मिळणारी ऊर्जा त्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी असते. उसळलेले इलेक्ट्रॉन ती ऊर्जा पुढे जाळीला देतात, आणि आयनाच्या मार्गाभोवतीचे काही नॅनोमीटर रुंदीचे नळकांडे सेकंदाच्या काही लाख-कोटीव्या भागात वितळण्याइतके तापून पुन्हा थंड होते. थंड होण्याचा वेग इतका असतो की अणूंना मूळ जागी परतायला उसंत मिळत नाही. मागे राहतो तो ट्रॅक: कुठे पूर्ण अस्ताव्यस्त, कुठे फक्त दोषांनी भरलेला.

पदार्थाचा स्वभाव इथे फार महत्त्वाचा ठरतो. झिंक ऑक्साइड आयनमाऱ्याला चिवट आहे, मोठ्या माऱ्यानंतरही ते स्फटिकरूप टिकवते. दोष होतात, पण स्फटिक मोडत नाही. टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये मात्र अशा चांदीच्या आयनांनी ट्रॅक सहज उमटतात. म्हणून एका ऑक्साइडवरचा निष्कर्ष उचलून दुसऱ्याला लावू नका.

इरॅडिएशन आणि इम्प्लांटेशन एकच का?

नाही. इम्प्लांटेशनमध्ये आयन थरातच रुतवायचा असतो, तो पदार्थाचा भाग होतो. आपण ज्याविषयी बोलतो आहोत त्यात १०० मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा आयन दोनशे नॅनोमीटरचा थर पार करून खाली सब्स्ट्रेटमध्ये (थर ज्यावर बसवलेला असतो त्या तुकड्यात) काही मायक्रोमीटर खोल जाऊन थांबतो. थरात उरते ती फक्त त्याच्या जाण्याची खूण. म्हणूनच हा मार्ग स्वच्छ मानला जातो: बाहेरचा अणू न मिसळता फक्त दोष वाढवता येतात.

कोबाल्ट किंवा लोहाचे आयन रुतवून मिळवलेल्या चुंबकत्वाबद्दल मी जास्त सावध असतो. ते अणू एकत्र येऊन धातूचे सूक्ष्म गोळे करतात, आणि मग चुंबक होतो तो कोबाल्टचा गोळा, ऑक्साइड नव्हे.

आयन येतात कुठून? आपल्याकडे असे यंत्र आहे का?

आपल्या जिल्ह्यात नाही, देशात आहे. दिल्लीचे इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटर विद्यापीठांतल्या संशोधकांसाठीच १९८४ मध्ये स्थापन झाले. पूर्वी त्याचे नाव न्यूक्लिअर सायन्स सेंटर होते. तिथला १५-यूडी पेलेट्रॉन, म्हणजे आयनांना वेग देणारे यंत्र, या कामासाठी सर्वांत जास्त वापरला जातो. मुंबईत टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) आवारात १४ दशलक्ष व्होल्टचा पेलेट्रॉन आहे, आणि भुवनेश्वरच्या इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्समध्ये ३ दशलक्ष व्होल्टचा, कमी ऊर्जेच्या कामासाठी.

पेलेट्रॉनचा हिशोब मुलांनी एकदा स्वतः करून पाहावा, मग शोधनिबंधातले आकडे परके वाटत नाहीत. आयन आत शिरतो तेव्हा त्याच्यावर एक ऋण भार असतो. मधल्या टर्मिनलच्या धन व्होल्टेजकडे तो खेचला जातो. तिथे एका अतिपातळ पापुद्र्यातून किंवा वायूतून जाताना त्याचे बरेच इलेक्ट्रॉन झडतात, तो धन भारित होतो आणि तेच व्होल्टेज आता त्याला दूर ढकलते. एकाच व्होल्टेजचा दोनदा फायदा. एकूण ऊर्जा म्हणजे व्होल्टेज गुणिले (धन भार अधिक एक). शोधनिबंधात १०० मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट, सात धन भाराची चांदी असे लिहिलेले दिसते. सात अधिक एक आठ, म्हणजे टर्मिनल १२.५ दशलक्ष व्होल्टवर होते. २०० मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि पंधरा धन भार? सोळाने भागा, पुन्हा १२.५ च येईल.

किती आयन मारायचे? वेळ किती लागतो?

एका चौरस सेंटीमीटरवर पडलेल्या आयनांच्या संख्येला फ्लुएन्स म्हणतात. १० हजार कोटींपासून १०० लाख कोटींपर्यंतचे आकडे या कामात दिसतात.

एक आकडा डोक्यात पक्का बसवा: एका चौरस सेंटीमीटरवर १ लाख कोटी आयन म्हणजे दर १०० चौरस नॅनोमीटरमागे एक आयन. ट्रॅकची त्रिज्या ५ नॅनोमीटर धरली तर त्याचे क्षेत्रफळ ७८ चौरस नॅनोमीटर. म्हणजे या फ्लुएन्सच्या आसपास ट्रॅक एकमेकांवर चढू लागतात. त्याच्या खाली सुटे ट्रॅक असतात, मध्ये न दुखावलेला पदार्थ. त्याच्या वर दुखावलेल्यावरच पुन्हा मारा. चुंबकत्व फ्लुएन्सबरोबर आधी वाढते आणि पुढे घटते असे अनेकदा नोंदवले जाते, त्यामागे असे एखादे वळण असू शकते. म्हणून नमुने निवडताना या सीमेच्या दोन्ही बाजूंचे घ्या. सगळे फ्लुएन्स एका टोकाला ठेवले तर आलेखातून काहीच कळत नाही.

वेळेचे म्हणाल तर १ पार्टिकल-नॅनोअँपिअरचा किरण दर सेकंदाला सुमारे ६२५ कोटी आयन देतो. एक चौरस सेंटीमीटरवर तो सारखा फिरवला तर १० लाख कोटींचा फ्लुएन्स १,६०० सेकंदांत, म्हणजे २७ मिनिटांत होतो. ३० हजार कोटींना ४८ सेकंद पुरतात.

सुरुवात कोणत्या ऑक्साइडपासून करावी?

माझे स्पष्ट मत: पहिलेच काम असेल तर झिंक फेराइट घ्या.

कारण असे. झिंक फेराइट हे झिंक आणि लोहाचे ऑक्साइड, स्पिनेल नावाच्या स्फटिकरचनेचे. त्यात चार ऑक्सिजनांनी वेढलेल्या जागी झिंक असते आणि सहा ऑक्सिजनांनी वेढलेल्या जागी लोह. लोहाचे मोमेंट भरपूर, पण ते सगळे एकाच प्रकारच्या जागी अडकलेले. त्यांच्यातले बंध दुबळे असतात, त्यामुळे निर्दोष झिंक फेराइट खोलीच्या तापमानाला अनुचुंबकीय असते, आणि निरपेक्ष शून्यापासून जेमतेम १० अंशांच्या आसपास गेल्यावर प्रतिलोहचुंबकीय (शेजारचे मोमेंट एकमेकांच्या उलट दिशेला) होते. आयनमाऱ्याने काही झिंक सहाच्या जागी आणि काही लोह चारच्या जागी गेले, की दोन वेगळ्या जागांवरच्या लोहांमध्ये ऑक्सिजनमार्फत जबर बंध तयार होतो आणि पदार्थ खोलीच्या तापमानालाही चुंबकीय होतो. संकेत मोठा, यंत्रणा सर्वमान्य, आणि मॉसबाउअर वर्णपटासारख्या साधनाने लोह कुठे बसले हे वेगळे तपासताही येते. चुंबकत्व खरोखर आयनमाऱ्यानेच आले असे छातीठोक सांगता येणारे हे उदाहरण आहे.

एक दक्षता इथेही हवी. पातळ थरात आणि नॅनोकणांत ही अदलाबदल मारा करण्याआधीच थोडीफार झालेली असते. त्यामुळे आधीचे मोजमाप नसेल तर नंतरच्या मोजमापाला काही अर्थ नाही.

धारवाड आणि कोल्हापूर या दोन्ही ठिकाणी फेराइटवर अनेक वर्षे काम झाले आहे. बेळगावहून धारवाड साधारण ८० किलोमीटर, कोल्हापूर ११०. सल्ला विचारायला माणसे जवळ आहेत, हीही निवडीला पुरेशी बाजू आहे.

झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड, सेरियम ऑक्साइड हे दुसऱ्या पायरीला. तिथे आव्हान मोठे आणि संकेत बारीक.

थर आपल्या कॉलेजात बनवता येईल का?

येतो. स्प्रे पायरोलिसिसला फार खर्च नाही: झिंक अ‍ॅसिटेटचे पातळ द्रावण, तापलेली प्लेट, हवेचा दाब आणि बारीक तोंडाची नळी. प्लेट ४०० ते ४५० अंश सेल्सिअस. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात अशा रासायनिक पद्धतींनी थर बनवण्याची मोठी परंपरा आहे आणि आपल्या भागातले कितीतरी विद्यार्थी तिथे हे शिकले आहेत. स्पिन कोटिंगही चालते. स्पटरिंग किंवा पल्स्ड लेझरने केलेला थर जास्त सपाट आणि दाट असतो, पण ती सोय जिथे असेल तिथे जावे लागते.

पावसाळ्यात काळजी घ्या. जून ते सप्टेंबर खानापूर-जांबोटीकडची हवा किती ओली असते ते वेगळे सांगायला नको. झिंक ऑक्साइडचा पृष्ठभाग ओलावा धरतो. थर डेसिकेटरमध्ये ठेवा, पण निळ्या सिलिका जेलमध्ये रंगासाठी कोबाल्ट क्लोराइड घातलेले असते हे लक्षात असू द्या. त्याची भुकटी नमुन्याला लागता कामा नये.

काचेवर थर घेतला तर चालेल?

प्रकाशीय मोजमापांसाठी चालेल, चुंबकीय मोजमापांसाठी नको. साध्या काचेत लोहाचा अंश असतोच. काचेची कड आडवी धरून पाहिली की हिरवट दिसते ती त्यामुळेच. सिलिकॉन किंवा सफायर घ्या. सफायर म्हणजे स्फटिकरूप अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड. यमनापूरच्या कारखान्यात बॉक्साइटपासून जी पांढरी अल्युमिना भुकटी काढतात तिचेच रासायनिक सूत्र, फक्त इथे ते एकसंध, शुद्ध स्फटिकाच्या रूपात.

दिसलेले चुंबकत्व खरे आहे, धूळ नाही, हे कसे ओळखायचे?

हाच या विषयाचा गाभा आहे. आधी संकेत किती बारीक असतो तो पाहू. ५ मिलिमीटर बाय ५ मिलिमीटरचा, २०० नॅनोमीटर जाडीचा थर घ्या. त्याचे घनफळ एका घन सेंटीमीटरचा दोन लाखांवा भाग. दोषांमुळे येणारे चुंबकत्व दर घन सेंटीमीटरला १ ईएमयू (चुंबकीय मोमेंटचे एकक) धरले तर या नमुन्याचा एकूण मोमेंट ५ मायक्रो-ईएमयू. आता शुद्ध लोखंडाचा केवढा कण इतकाच मोमेंट देईल? लोखंड दर ग्रॅमला २१८ ईएमयू देते. भागाकार करा: २३ नॅनोग्रॅम. घनाकृती कण धरला तर त्याची बाजू १४ मायक्रोमीटर, माणसाच्या केसाच्या जाडीच्या पाचव्या भागाएवढी. तो डोळ्यांना दिसणार नाही, एक्सरे विवर्तनातही नाही, आणि मोजमापात मात्र सुरेख हिस्टेरिसिस लूप (लोहचुंबकाची खूण समजला जाणारा आलेखातला बंद वळसा) देईल.

बेळगावात राहून हे विसरणे परवडणारे नाही. उद्यमबाग आणि मच्छेकडे ओतकामाचे आणि मशीनशॉपचे कारखाने आहेत. खानापूरकडची लाल माती लोहाच्या ऑक्साइडांनीच लाल झालेली आहे. असल्या जांभ्या मातीत मॅघेमाइटसारखे चुंबकीय खनिजही सापडते. पंख्याखाली उघडा ठेवलेला नमुना, वर्कशॉपमधून आलेल्या हातांनी धरलेली काच, स्टीलचा चिमटा, यांतले काहीही २३ नॅनोग्रॅम द्यायला पुरे.

जगातल्या नामांकित प्रयोगशाळांनाही हा प्रश्न चुकला नाही. २००० मध्ये टोमाश डिटल आणि सहकाऱ्यांनी मँगनीज मिसळलेले झिंक ऑक्साइड खोलीच्या तापमानाला लोहचुंबकीय होऊ शकेल असा सैद्धांतिक अंदाज मांडला आणि ऑक्साइडमागे सगळे लागले. २००४ मध्ये डब्लिनच्या गटाने हाफ्नियम डायऑक्साइडच्या थरात, कोणताही चुंबकीय अणू नसताना, चुंबकत्व दिसल्याचे प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने दाखवून दिले की हाफ्नियम डायऑक्साइडचा नमुना स्टेनलेस स्टीलच्या चिमट्याने हाताळला तरी तसाच संकेत मिळू शकतो. २००६ मध्ये बंगळूरच्या जक्कूर इथल्या जवाहरलाल नेहरू सेंटरमधून ए. सुंदरेशन, सी. एन. आर. राव आणि सहकाऱ्यांनी दाखवले की झिंक, सेरियम, अ‍ॅल्युमिनियम, इंडियम, टिन यांच्या ऑक्साइडांचे नॅनोकण खोलीच्या तापमानाला लोहचुंबकीय वागतात, आणि तेच भाजून मोठे केले की हे चुंबकत्व जाते. आपल्याच राज्यातून झालेले हे काम मन लावून वाचावे. २००९ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या गटाने टायटॅनियम डायऑक्साइडच्या स्फटिकावर २ मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टचे ऑक्सिजन आयन मारून आलेले चुंबकत्व तीन धन भाराच्या टायटॅनियमशी जोडून दाखवले.

म्हणजे दोन्ही गोष्टी खऱ्या: दोषांचे चुंबकत्व आहे, आणि धुळीचेही आहे. वेगळे करण्यासाठी मी हे आग्रहाने सांगतो.

नमुने चार हवेत. कोरा सब्स्ट्रेट, मारा केलेला कोरा सब्स्ट्रेट, मारा न केलेला थर आणि मारा केलेला थर. चारही एकाच दिवशी, एकाच चिमट्याने, एकाच पेटीतून हाताळलेले. पुष्कळ जण दुसरा नमुना वगळतात. आयन शेवटी सब्स्ट्रेटमध्येच जाऊन थांबतात, तर त्याचे काय झाले हे न तपासता थराचे श्रेय कसे देणार? त्याहून चांगले म्हणजे तोच तुकडा माऱ्याआधी मोजायचा आणि नंतर पुन्हा मोजायचा.

चिमटा प्लॅस्टिकचा किंवा सिरॅमिकचा वापरा. सब्स्ट्रेट कापताना स्टीलचे हत्यार कडेला लागले असेल तर कोरा सब्स्ट्रेट सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात धुऊन घ्या. थर दिल्यावर मात्र ते करू नका, झिंक ऑक्साइड आम्लात विरघळून जाईल. मारा करताना नमुना शिडीवर (किरणासमोर नमुने धरणाऱ्या पट्टीवर) ज्या टेपने चिकटवतात तिचा अंश मागे उरतो, तो काढा.

आणि संकेत फ्लुएन्सबरोबर कसा बदलतो ते पाहा. धूळ फ्लुएन्स ओळखत नाही. पाच नमुन्यांत संकेत क्रमाने बदलत असेल आणि दुसऱ्या फेरीच्या नमुन्यांतही तसाच क्रम येत असेल, तर बोलायला जागा आहे. एकाच नमुन्यात मोठा लूप आणि बाकीच्यांत काहीच नाही, तर तो लूप बाजूला ठेवा.

सब्स्ट्रेटचा वाटा वजा कसा करायचा?

५ बाय ५ मिलिमीटरचा, अर्धा मिलिमीटर जाड सिलिकॉनचा तुकडा १ टेस्लाच्या क्षेत्रात सुमारे ३० मायक्रो-ईएमयू इतका उलट दिशेचा संकेत देतो. आपल्या थराचा संकेत ५. साखर कारखान्याच्या काट्यावर भरलेली ट्रॉली तोलतात, मग रिकामी तोलतात आणि उसाचे वजन काढतात, तसेच हे काम. फक्त इथे ट्रॉली उसाच्या सहापट जड आहे, त्यामुळे ट्रॉलीच्या वजनातली छोटी चूक उसाला खाऊन टाकते.

वजाबाकी करताना मोठ्या क्षेत्रातल्या सरळ रेषेचा उतार काढतात. शोधनिबंधात वजाबाकीनंतरचा सुबक आलेखच छापू नका, मूळ आकडेही द्या. परीक्षकाने मागण्याआधीच द्या.

व्हीएसएम पुरेल की स्क्विड लागेल?

दोन्ही चुंबकत्व मोजण्याची यंत्रे: व्हीएसएम नमुना कंपवून मोजते, स्क्विड अतिवाहक कड्यावर चालतो. झिंक फेराइटला व्हीएसएम पुरेल. झिंक ऑक्साइडच्या ५ मायक्रो-ईएमयूला साध्या व्हीएसएमवर भरवसा ठेवू नका, त्याची मर्यादाच साधारण १ मायक्रो-ईएमयूची. स्क्विड त्याच्या शंभरपट बारीक पाहतो.

स्क्विडलाही खोड आहे. त्याचा अतिवाहक चुंबक मोठ्या क्षेत्रावर नेऊन शून्यावर आणला तरी आत काही ओर्स्टेडचे क्षेत्र अडकून राहते, कधी २०-३० पर्यंत. यंत्र शून्य दाखवते, नमुन्यावर शून्य नसते. त्यातून साध्या नमुन्यालाही खोटी कोअर्सिव्हिटी (चुंबकत्व शून्यावर आणायला लागणारे उलट क्षेत्र) दिसते. तुमची कोअर्सिव्हिटी ३० ओर्स्टेडच्या आत असेल तर आधी पॅलेडियमचा नमुना त्याच क्रमाने मोजून पाहा. पॅलेडियमला कोअर्सिव्हिटी नसते. त्याच्या आलेखात जेवढी दिसेल तेवढी यंत्राची.

दोष झाले याचा पुरावा काय द्यायचा?

चुंबकीय मोजमापाशी संबंध नसलेली किमान दोन मोजमापे. झिंक ऑक्साइडसाठी रामन वर्णपटात ४३८ प्रति सेंटीमीटरच्या आसपासची रेषा स्फटिकाची असते, आणि ५७५-५८० जवळची रेषा दोष वाढले की उंचावते. प्रकाशदीप्तीत ३८० नॅनोमीटरजवळची रेषा आणि हिरवा पट्टा यांचे प्रमाण पाहा. एक्सरे विवर्तनात ३४.४ अंशांवरची रेषा किती रुंदावली ते पाहा. टायटॅनियमचा भार बदलला का ते एक्सरे फोटोइलेक्ट्रॉन वर्णपट सांगतो, पण तो वरचे काही नॅनोमीटरच पाहतो. ते पूर्ण थराचे चित्र समजू नका.

सोय झाली तर ईपीआर (इलेक्ट्रॉन पॅरामॅग्नेटिक रेझोनन्स) करा. एकट्या इलेक्ट्रॉनाशी थेट बोलणारे साधन तेच.

मारा केलेला नमुना किरणोत्सारी होतो का? घरचे काळजी करतात.

१०० मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या चांदीने होत नाही. दर न्यूक्लिऑनमागे (केंद्रकातल्या प्रत्येक प्रोटॉन-न्यूट्रॉनमागे) ही ऊर्जा १ मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टहूनही कमी पडते, दोन केंद्रकांतले विद्युत प्रतिकर्षण ओलांडायला ती पुरत नाही, त्यामुळे केंद्रकीय अभिक्रिया होत नाहीत. १०० मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या ऑक्सिजनचे तसे नाही. तिथे दर न्यूक्लिऑनमागे ६ हून जास्त ऊर्जा असते आणि अभिक्रिया होऊ शकते. नमुने बाहेर देण्याआधी केंद्रातली सुरक्षा यंत्रणा मोजणी करते. घरी हे असेच, आकड्यांसह सांगा.

आलेले चुंबकत्व टिकते का?

पदार्थावर अवलंबून. झिंक फेराइटमधली अदलाबदल खोलीच्या तापमानाला टिकते, चांगले तापवले की अणू मूळ जागी परतू लागतात. ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा हवेत तापवल्या की भरून येतात आणि त्यांच्याबरोबर संकेतही जातो. हा तोटा समजू नका, याचा प्रयोग करा: ऑक्सिजनमध्ये तापवून संकेत गेला आणि निर्वातात तापवून आला, तर दोषांच्या बाजूने तो भक्कम पुरावा आहे. लोखंडाचा कणही हवेत तापवल्यावर गंजतो, म्हणून दोन्ही दिशांनी करून पाहा.

याचा उपयोग काय?

लोहरहित ऑक्साइडातल्या दोषांच्या चुंबकत्वावर चालणारे उपकरण आज बाजारात नाही. मुलाखतीत विचारले तर असेच सांगा. उपयोगाची वाट दुसऱ्या बाजूने जास्त उघडी आहे: आयनमाऱ्याने हव्या त्याच जागी चुंबकत्व लिहिणे. २०१२ मध्ये कोबाल्ट ऑक्साइड आणि पॅलेडियमच्या एकाआड एक थरांवर कमी ऊर्जेचे प्रोटॉन मारून, ऑक्सिजन काढून टाकून, फक्त मारलेल्या जागीच चुंबकीय कोबाल्ट तयार केल्याचे प्रसिद्ध झाले. झाकलेला भाग अचुंबकीय, उघडा भाग चुंबकीय. मला या दिशेत जास्त दम दिसतो.

दहावीपर्यंत मराठी शाळा, पीयूसीपासून इंग्रजी. जमेल का?

जमेल. या कामात लागते ते गणित आणि हाताची स्वच्छता. आकडे वहीत मराठीत मांडा, काहीही बिघडत नाही. निबंध इंग्रजीत लिहावा लागतो, तो सरावाचा भाग आहे. आपल्याकडे मुले सेमिनारमध्ये भाषेमुळे गप्प बसतात, याचे मला खरेच वाईट वाटते, कारण प्रश्न त्यांच्याकडे असतात.

घरी बसून काही सुरू करता येईल का?

स्रिम नावाचा संगणक-कार्यक्रम मोफत मिळतो, साध्या लॅपटॉपवर चालतो. कोणता आयन, किती ऊर्जा, कोणता पदार्थ हे भरले की ऊर्जाऱ्हास आणि खोली मिळते. प्रस्ताव लिहिण्याआधी हे करावेच लागते.

दिल्लीत किरणवेळ कसा मिळतो?

मार्गदर्शकांमार्फत प्रस्ताव जातो, तो समितीपुढे मांडावा लागतो. वेळ आठ तासांच्या शिफ्टमध्ये मिळतो. प्रस्तावात पदार्थ, आयन, ऊर्जा, फ्लुएन्स आणि त्या प्रत्येकाचे कारण लिहा. नुसते "चुंबकत्वाचा अभ्यास" एवढ्यावर कोणी वेळ देत नाही. कोऱ्या सब्स्ट्रेटसाठीची जागा त्याच शिफ्टमध्ये मागून ठेवा.

चुंबकत्व आलेच नाही तर वर्ष वाया गेले का?

नाही. चारही नमुने नीट मोजलेले असतील आणि दोष झाल्याचा पुरावा असेल, तर "इतक्या फ्लुएन्सपर्यंत, इतक्या मर्यादेत, संकेत नाही" हा निष्कर्ष आहे आणि प्रबंधात तो मानाने लिहावा. या क्षेत्रात असे निकाल कमी छापले जातात, त्यामुळे पुढच्यांची दिशाभूल होते. थर, रामन, दीप्ती यांची माहिती तशीही उपयोगी राहते. मार्गदर्शकांनी विद्यार्थ्यावर लूप आणण्याचा दबाव टाकू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

नमुने दिल्लीला न्यायचे कसे?

गोवा एक्सप्रेस बेळगावातून थेट निजामुद्दीनला जाते, सांबऱ्याहून विमानाचाही पर्याय आहे. नमुने स्वतः न्या, कुरिअरने नको. प्रत्येक तुकडा वेगळ्या प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा. नाव आणि क्रमांक डबीवर लिहा, नमुन्यावर काहीही लिहू नका. पाठीमागे शाईची खूण केली तर शाईतला रंगद्रव्याचा अंशही मोजला जातो. एका फ्लुएन्ससाठी दोन तुकडे न्या, कारण शिडीवरून काढताना सिलिकॉन तुटते. परत आल्यावर आधी चुंबकीय मोजमाप करा आणि मगच बाकीचे, कारण रामन आणि एक्सरेच्या होल्डरांवर तुमच्याआधी कोणाचा नमुना होता हे तुम्हाला माहीत नसते.